मालन आणि दोन बोडक्या पट्ट्या

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली मालन डोंबिवलीला कॉम्प्युटर उघडायला जाते, यावर तिच्या आळीत कुणाचा विश्वास बसत नसे. मासळीबाजारात बसणारी तिची आई भागीरथी छाती फुगवून सांगायची, "माजी पोर मशिनी खोलते!" आणि गिऱ्हाइकं समजायची, शिलाई मशीन.

सहदेव राणे म्हणजे राणेशेठ. वीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करून आता डोंबिवली पूर्वेला कॉम्प्युटरचं दुकान थाटलेलं. त्यांनी मालनला ठेवली ती फोन घ्यायला. पण ही बया फोन घेता घेता मान वाकडी करून टेबलावरची बोर्डंच बघत बसायची. वर्षभर तिने शेठचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे ते वैतागून म्हणाले, "तीन महिने बस टेबलावर. जमलं तर जमलं, नाहीतर गुपचूप फोनवर परत!"

तर हे तीन महिने म्हणजे नव्व्याण्णव सालचे शेवटचे. सगळं जग दोन हजार सालाच्या धास्तीत होतं, आणि आमची मालन आपल्या खुर्चीच्या.

जुन्या मालाच्या धंद्यात तेव्हा एक लबाडी चालायची. मेमरीच्या पट्टीवरच्या चिपा काढून विकायच्या आणि उरलेली पट्टी नव्या मालात दडपून द्यायची. म्हणून राणेशेठच्या दुकानात नियमच होता, पट्टी हातात आली की आधी चिपा बघायच्या, मग चहा. मालनने अशा तीन लबाड्या पकडल्या होत्या. शेठ खूश, आणि मालन त्याहून जास्त. खोटं कशाला सांगा, थोडी हवा गेलीच होती डोक्यात.

डिसेंबरात टेंभी नाक्यावरच्या एका इंजिनियर बाईंची ऑर्डर आली. पुलांचे हिशेब करायला मशीन हवं, तेही दोन प्रोसेसरचं. एका बोर्डावर दोन डोकी! दुकानात कुणी असलं काही पाहिलं नव्हतं. दारोदार पार्ट पोचवणारा जगन बुधवारी ते बोर्ड मेमरीसकट घेऊन आला. बोर्डावर मेमरीच्या चार खाचा, चारांत चार पट्ट्या. मालनने बघितल्या. दोन पट्ट्यांवर पत्र्याचं झाकण, आत चिपा. उरलेल्या दोन नुसत्या हिरव्या, बोडक्या. एक चिप असेल तर शपथ!

"जगनभाऊ, आम्हाला काय येडं समजलात काय?" भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर ती कडाडली. "रिकाम्या पट्ट्या घालून आणता? लाज नाही वाटत?"

चार गिऱ्हाइकांच्या नजरा पाठीवर घेऊन जगन निघून गेला. मालनने त्या दोन पट्ट्या उपटून ड्रॉवरमध्ये टाकल्या आणि मशीन चालू केलं. पंखे फिरले, पण पडदा काळा ठिक्कर. दहादा करून पाहिलं, तेच. शेठ म्हणाले, "बोर्डही सडकंच दिलंन वाटतं! शनिवारी बोलावतो त्याला, उचल म्हणावं सगळं. त्याच्याशी धंदाच बंद." मग मालनकडे बघून हळूच म्हणाले, "पण त्याआधी चाललं, तर तू पक्की. नाहीतर फोन आहेच."

शनिवारी दुपारी शेठ जेवायला गेले तेव्हा मालन बोर्डाबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक उघडून बसली. डिक्शनरी शेजारी. एकेका ओळीला घाम फुटत होता. आणि मग एका आकृतीवर तिचं बोट थांबलं, ते हलेचना.

मेमरीकडून प्रोसेसरांकडे जाणारा रस्ता एक नव्हता, दोन होते. दोन चॅनेल. म्हणून पट्ट्या जोडीनेच लावायच्या, सारख्याच, एक या रस्त्यावर, एक त्या. एकाच बादलीवर दोन नळ सोडावेत तशी माहिती दोन्हीकडून एकदम येणार. आणि प्रत्येक रस्ता एका पट्टीत शिरून, तिच्यातून पार होऊन, पुढच्या खाचेत आणि तिथून शेवटापर्यंत जाणारा. गणपतीतल्या दिव्यांच्या माळेसारखा. एक जागा मोकळी राहिली की सगळी माळ गप्प. म्हणून जिथे मेमरी नाही तिथे बोडकी पट्टी लावायची. तिने काही लक्षात ठेवायचं नाही, फक्त वाट द्यायची!

"अगो आई गं," मालन पुटपुटली. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. केसाएवढ्या त्या रेघा ती रोज बघत होती, नक्षी समजून. कुणीतरी कुठे तरी बसून हे सगळं योजलं होतं, रिकाम्या जागेतून जायचं कसं हेसुद्धा! तिला त्या अनोळखी माणसाला हात जोडावेसे वाटले. आणि लगेच आठवला जगन.

पट्ट्या परत लावल्या. बटण दाबलं. पडद्यावर मेमरी भराभरा मोजली गेली आणि खाली दोन ओळी उमटल्या, पहिला प्रोसेसर, दुसरा प्रोसेसर. मालनचे डोळे भरून आले.

शेठ आले आणि बघतच राहिले. "शाब्बास गं वाघिणी! त्या लबाडाच्या सडक्या बोर्डात जीव घातलास! आजपासून टेबल तुझं."

झालं की काम! गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण तेवढ्यात माल परत न्यायला जगन दारात उभा. तीन दिवसांत माणूस निम्मा झाला होता. दुकानात गिऱ्हाइकं होतीच. मालन उठली. ज्या आवाजात ओरडली होती त्याच आवाजात म्हणाली, "जगनभाऊ, माल चोख होता. पट्ट्या तशाच असतात. मी त्या काढल्या म्हणून मशीन मेलेलं. तुम्हाला चोर म्हटलं ती माझी चूक. शेठ, काय ते तुम्ही ठरवा."

जगन तिथल्याच एका खोक्यावर मटकन बसला. "ताई, तीन दिवस बायकोला सांगतोय, मी चोर नाही. पण मलाच खात्री नव्हती हो. त्या कशाला असतात, मला तरी कुठे ठाऊक?"

शेठचा चेहरा लाल झाला. मालनने पिशवी हातात घेतली. फोन वाजायला लागला, तशी ती सवयीने तिकडे वळली.

"कुठं चाललीस?" शेठ खेकसले. "वीस वर्षं झाली या धंद्यात, मलाही ठाऊक नव्हतं. बस खाली आणि आम्हा दोघांना सांग, पहिल्यापासून."

"आणि फोन?"

"तो मी घेतो," राणेशेठ म्हणाले आणि फोनकडे गेले.