धावपट्टीवरचा खडा

तांदळाच्या दाण्याएवढा खडा होता. धावपट्टीवर उन्हात नुसता चमकला आणि मी खराटा बाजूला ठेवून खाली वाकले. माझं जेट विमान लहान, रिमोटवर उडणारं, दोन हातांनी उचलता येईल एवढं; पण इंजिन खरं आहे हो! रॉकेलवर चालतं आणि समोरचं सगळं आत ओढून घेतं. असा एक खडा आत गेला की पाती गेली, आणि माझी दोन वर्षांची मेहनतही.

मागून क्लबातले नवे साहेब ओरडले, "मावशी, तांदूळ निवडताय की काय? आमचं जेट तयार आहे, व्हा बाजूला!"

"तांदूळच निवडतेय," मी म्हटलं. "निवडून झाल्याशिवाय हलणार नाही."

सगळे हसले. हसू देत. इंजिन मी पुस्तकं वाचून, चुकतमाकत शिकले. पण ही नजर मला चाळीस वर्षं सुपापुढे बसून मिळालीय. तिला कुणी कधी विद्या म्हटलं नाही. दाताखाली आलेला एक खडा घरभर गाजायचा, न आलेले कुणाला दिसले? मग इथे यायचं म्हणून ती नजर मी घरी का ठेवून यावी?

मी पट्टीच्या मधोमध उभीच राहिले. शेवटी साहेब पाय आपटत आले, लवकर उरकावं म्हणून स्वतःच वाकले, आणि त्यांच्याच जेटच्या नाकासमोर त्यांना खडा सापडला. त्यांनी तो चिमटीत उचलला. मी तळहात पुढे केला.

"टाका इथे. आणि उठू नका एवढ्यात, पट्टी बरीच उरलीय."