लिफ्टताई चीनला गेली तेव्हा

सकाळी आमच्या घरात सगळ्यांना एकाच वेळी मी हवी असते. गॅसवर दूध, कढईत डब्याची भाजी, आणि आमचे हे एका पायात मोजा घालून दुसऱ्याच्या शोधात घरभर लंगडत होते. मोजा त्यांच्याच खिशात होता. पण असल्या गोष्टी मी लगेच सांगत नाही, माणसाला थोडा व्यायाम हवा. तेवढ्यात दार वाजलं. बेल नव्हे, दार. तेही इतकं हळू, की वाजवणाऱ्यालाच ते कुणाला ऐकू जायला नको होतं.

उघडलं तर समोर वरच्या मजल्यावरची लिफ्टताई. हातात पिळलेल्या कपड्यांची बादली, पायात चप्पल नाही, मोज्यांवर मोजे चढवलेले. मी किंचाळायचीच बाकी होते, कारण ही मुलगी चीनला गेली होती. गच्चीवर तिचा निरोप समारंभ झाला होता. भाषणं झाली होती, सगळ्या इमारतीनं मिळून तिला चाकांची सुटकेस दिली होती, आणि मी तिच्या गळ्यात पडून चांगली रडले होते.

"काकू, आधी आत घ्या, मग काय ते बोला."

"अगं, तू परत कधी आलीस?"

"गेलेच नाही."

दूध उतू गेलं.

आता हिची ओळख करून द्यायला हवी. लिफ्टताई हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नाही, ते कामानं चिकटलं. लिफ्टची देखभाल करणारी एक कंपनी आहे, आमच्या भागातल्या निम्म्या इमारती तिच्याकडे. लिफ्ट अडकली की आतलं लाल बटण दाबायचं, मग पलीकडून जो आवाज येतो तो हिचा. मेकॅनिक येईपर्यंत आतल्या माणसाला बोलण्यात गुंतवून ठेवणं ही तिची नोकरी. घाबरलेले, चिडलेले, रडणारे, देवाला आणि कंपनीला एकाच दमात हाका मारणारे, सगळे तिनं हाताळलेत. एकदा एक नवरा-बायको भांडता भांडता अडकले. ते दार उघडलं तरी बाहेर येईनात, म्हणे ताईंसमोर निकाल लागू दे.

चिनीचं खूळही लिफ्टमधूनच आलं. एका नव्या इमारतीत लिफ्ट बसवायला चीनहून एक तंत्रज्ञ आला होता. त्यानं लिफ्ट बसवली, तपासली, मान डोलावली, आणि पहिल्याच फेरीत स्वतःच आत अडकला. दुभाष्या खाली चहा प्यायला गेलेला. फोन आला लिफ्टताईकडे. तिला चिनीचं एक अक्षर येत नव्हतं आणि त्याला आपलं. मग तो गुणगुणायला लागला, म्हणून हीसुद्धा गुणगुणायला लागली. मेकॅनिक पोहोचेपर्यंत दोघांची अशी मैफल चालली होती. सुटल्यावर तो मुद्दाम ऑफिसात आला, हा आवाज कुणाचा ते बघायला. तिच्यासमोर उभं राहून त्यानं चिनीत एक लांबलचक वाक्य म्हटलं, वाकून नमस्कार केला आणि गेला.

"काय म्हणाला असेल हो, काकू?" तिनं मला कितीदा तरी विचारलंय.

"आभार मानले असतील."

"शिव्याही घातल्या असतील. पण घातल्या असल्या तरी कळायला नकोत का?"

एवढ्यासाठी तिनं संध्याकाळचा वर्ग लावला. चिनीत एकच अक्षर चार तऱ्हांनी म्हणायचं असतं, म्हणे, चढत्या सुरात, उतरत्या सुरात आणि आणखी कसकसं. ती गच्चीत सराव करायला लागली की खालचे लोक समजायचे, तिच्या दादा-वहिनींचं पुन्हा वाजलं. तरी पोरगी हटली नाही. वर्ग संपले, परीक्षा झाल्या, आणि चीनमधल्या एका विद्यापीठात वर्षभर भाषा शिकायच्या शिष्यवृत्तीला तिनं अर्ज केला. मुलाखत झाली. घेणारी बाई म्हणे शेवटी हसली.

हसली एवढंच. पण आमच्याकडे तेवढं पुरतं. दादानं, म्हणजे तिच्या सख्ख्या भावानं, खाली जाऊन सांगितलं, "झालंच समजा." लिफ्टताईचे साहेब घाईचे, त्यांनी तिच्या खुर्चीवर नवी मुलगी आणून बसवली. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्ची झाडून घेतली. निकाल कागदावर येणं बाकी आहे, हे लिफ्टताई सगळ्यांना सांगत होती, आणि सगळे तिच्या पाठीवर थाप मारून म्हणत होते, "किती गं विनय!"

समारंभ झाला आणि निकाल पुढे ढकलला गेला. 'लवकरच जाहीर करण्यात येईल.' म्हणजे कधी, ते जगात कुणालाच ठाऊक नाही.

इथवरही निभावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात सेक्रेटरीणबाईंनी वहिनीला गाठलं. सेक्रेटरीणबाई, म्हणजे सेक्रेटरींच्या बायको, तळमजल्यावर राहतात आणि इमारतीत येणारा-जाणारा प्रत्येक जीव त्यांच्या खिडकीसमोरून जातो. त्यांनी विचारलं, "गेली का हो नणंद?" वहिनीच्या डोळ्यांपुढे ती सुटकेस आली असावी. तोंडातून निघून गेलं, "हो, पहाटेच." वहिनीनं तिला बिनपासपोर्टाची, बिनतिकिटाची एका वाक्यात देशाबाहेर काढली.

तेव्हापासून लिफ्टताई स्वतःच्याच घरात चोरासारखी राहत होती. पावलं वाजू नयेत म्हणून मोज्यांवर मोजे. बाल्कनी बंद. शिंक आली तर उशीत. सगळं जमलं, अडलं ते कपड्यांवर. गेलेल्या माणसाचे कपडे दोरीवर कसे वाळणार?

"तुमच्या दोरीवर घालू का, काकू?"

मोजा खिशात सापडलेले आमचे हे दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "घाल, घाल. आम्ही कुणाला सांगणार नाही." मग ऑफिसला जाताना जिन्यात इतके मोठ्यानं खाकरत गेले की कुणालाही संशय यावा.

दुपारपर्यंत खालून सेक्रेटरीणबाईंची हाक आलीच. "काय हो, पिवळा कुर्ता कुणाचा?"

"माझा," मी म्हटलं.

"तुमचा?" वरपासून खालपर्यंत नजर. "तुम्ही कधीपासून कुर्ते घालायला लागलात?"

"मोकळं वाटतं."

"घाला की मग. बघू तरी."

त्यांना दाखवण्यापुरता तो कुर्ता चढवून मी संध्याकाळी बाल्कनीत उभी राहिले. हात वर केला की काखेत शिवण कुरकुरत होती. ह्यांनी मला पाहिलं, पेपर वर धरला आणि पेपर बराच वेळ हलत राहिला.

लिफ्टताई मग दिवसा माझ्याकडेच येऊन बसायला लागली. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या भिंतीला तोंड करून आहे, तिथं डोकावणारं कुणी नाही. ती मटार सोलायची आणि दर थोड्या वेळानं फोन उघडून निकालाचं तेच पान बघायची. दादाच्या कसरतीही तिथंच कळायच्या. सेक्रेटरीणबाईंनी त्याला विचारलं, "तिकडे हवा कशी आहे?" तो म्हणाला, "थंडी." त्या म्हणाल्या, "आत्ता तिकडे उन्हाळा असतो म्हणे." दादा म्हणाला, "एसीची थंडी." खोटं बोलायला डोकं लागतं, आणि ते त्या घरात सगळं लिफ्टताईच्या वाट्याला आलंय.

हसायला ठीक होतं. पण एकदा मटार सोलता सोलता ती म्हणाली, "काकू, पुढच्या वर्षी मी शिष्यवृत्तीच्या वयात बसत नाही." आणि पुढे, "खुर्चीही गेली. साहेब म्हणाले, तू आता मोठी माणूस." तिनं शेंग उघडली, दाणे बाहेरच टाकले आणि सालं भांड्यात. मी ती गुपचूप अदलाबदल केली.

मग ती दुपार. वीज गेली नव्हती, काही नाही, आमची लिफ्ट आपली मनानंच पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली. आत सेक्रेटरीणबाई. त्या जात होत्या गच्चीवर. वाळवण बघायला असं त्या म्हणतात. माझ्या मते वाटेत आमच्या दोरीची दुसरी पाहणी करायला.

आधी दारावर थापा. मग आरोळ्या. मग बटणावरचा तो आवाज, जिन्यात स्पष्ट घुमला. नवी मुलगी बोलत होती, "मॅडम, पाच मिनिटांत माणूस येतोय हं."

लिफ्टताईचा हात थांबला. "पाच मिनिटं म्हणतेय."

"येईल ना पण?"

"पाच मिनिटं कधीच म्हणायचं नसतं, काकू. सहावं मिनिट लागलं की माणूस पिसाळतो. आणि घाबरू नका असंही म्हणायचं नसतं. आपण कशात आहोत ते त्याला माहीत असतं. दुसरं बोलायचं. त्याच्या पिशवीत काय आहे, घरी कोण आहे, असलं."

"पाच मिनिटं झाली की गं!" लिफ्टमधून आरोळी आली. "मरते मी इथे! दार उघडते मीच आता!" आणि पत्रा करकरला.

"बोटं घालतायत त्या फटीत," लिफ्टताई म्हणाली. पांढरीफटक पडली होती. दाराकडे बघत होती. तिनं बाहेर पाऊल टाकलं की ती चीनहून परत येणार होती, सगळ्यांसमोर, हात हलवत.

ती उठली. माझ्या सपाता पायात अडकवल्या, दोन नंबर मोठ्या, आणि फटक फटक करत लिफ्टपाशी जाऊन जमिनीवर बसली.

"बाई, बोटं बाहेर काढा आधी. आणि खाली बसा."

पत्र्याची करकर थांबली.

"कोण ते?"

"मीच."

"तू? तू तर गेलीस ना चीनला?"

वरून वहिनी, खालून दोघं-तिघं, सगळे जिन्यात येऊन उभे होते.

"नाही गेले," ती मोठ्यानं म्हणाली, "रिझल्टच लागला नाही अजून. बसलात का खाली?"

"बसले." मग आतून धापा टाकत, "म्हणजे तो पिवळा कुर्ता…"

"माझाच."

"मला वाटलंच! त्यांना तो शोभेलच कसा!"

माणूस लोखंडाच्या डब्यात लोंबकळतोय आणि तरी हे. मी दारातच उभी होते, पण जिन्यात कुणी माझ्याकडे बघायची हिंमत केली नाही.

"पिशवीत काय आहे तुमच्या?" लिफ्टताईनं विचारलं.

"वांगी."

"भरली करणार की रस्सा?"

"ह्यांना भरली लागतात. मला नाही आवडत."

"मग तुम्ही काय खाता?"

तो प्रश्न सेक्रेटरीणबाईंना बहुतेक कुणी कधी विचारला नव्हता. त्या जे सुरू झाल्या, ते लग्नापासून सुरू झाल्या. आवाज उतरला, श्वास बसला. मेकॅनिक आला तेव्हा त्या सासूबाईंपर्यंत पोहोचल्या होत्या, आणि मधेच खाली उतरवल्याबद्दल त्यांचा चेहरा थोडा नाराजच दिसला.

बाहेर आल्या. केस विस्कटलेले, वांगी छातीशी धरलेली. लिफ्टताईचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. डोळे भरले होते. मला वाटलं, आता आभार.

"पण रिझल्ट लागणार कधी?" त्या म्हणाल्या.

झालं. धरण फुटलं. सेक्रेटरी म्हणाले, "ओळख लागते अशा ठिकाणी." पहिल्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "फोन करून विचारायचं. गप्प बसलं की विसरतात." कुणीतरी म्हणालं, "आणि सुटकेस?" वहिनीला रडू फुटलं. दादा वरच्या घरातूनच ओरडला, "थंडी म्हटलं ते एसीचंच!" लिफ्टताई सगळ्यांच्या मधे माझ्या सपाता घालून उभी होती आणि प्रत्येकाला सांगत होती, "माहीत नाही. अजून नाही. माहीत नाही."

संध्याकाळी दारावर, बाल्कनीतून, पाण्याच्या टाकीपाशी, तेच. नव्या मुलीनंसुद्धा फोन केला. आधी विचारलं, लिफ्टमधल्या बाईंशी नेमकं काय बोललात ते शिकवा ना, आणि शेवटी, "ताई, लागला का हो रिझल्ट?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दार वाजलं. गॅसवर दूध होतं, आमचे हे आज चष्मा शोधत होते, तो डोक्यावर होता. या वेळी नीट, खणखणीत वाजलं. लिफ्टताईच. बादली नव्हती. तिचा पिवळा कुर्ता वर तिच्याच दोरीवर उघड फडकत होता, सकाळी सकाळीच. पायात चप्पल होती. हातात माझ्या सपाता, धुऊन आणलेल्या. रात्री झोपली नसावी.

मी गॅस बारीक केला, तिच्याकडे वळले आणि तोंड उघडलं. तोंडात काय होतं ते तिला दिसलं असणार, कारण तिनं हात वर केला.

"काकू," ती म्हणाली, "रिझल्ट लागला का, एवढं मला विचारू नका. दुसरं काहीही विचारा."