गुरुवारचा वास

आमच्या नारिन भागात गुरुवारी संध्याकाळी घरोघर तळण निघतं. मेलेली माणसं जेवत नाहीत, तळणीच्या वासावरच तृप्त होतात. वास सुटला की त्यांचं नाव घेऊन दुवा मागायची आणि त्यांच्या वाटचा एक घास घरातल्या कुणीतरी खायचा. तो चुकला तर वास पोचत नाही.

शेजारच्या झुराकान आपाचा जीव त्या घासात अडकला होता. तिचा नवरा कालमुर्झा जेवता जेवता छाती धरून गेला. चरबी बंद करा, असं डॉक्टरनं बजावलं होतं. आपानं त्या डॉक्टरलाच वेड्यात काढलं आणि ती नवऱ्याच्या ताटात मेंढ्याच्या शेपटीची चरबी वाढत राहिली. पुढे तिच्याही रक्तात चरबी वाढलेली निघाली, तेव्हा मात्र ती हादरली. सकाळी जवाची पेज, दुपारी सफरचंद आणि मूठभर अक्रोड, मग टेकडीवरच्या कबरस्तानापर्यंत चालत जाऊन येणं. कढई तिनं पालथी घातली. रक्त सुधारलं, पण दर गुरुवारी कालमुर्झा घरी यायला लागला.

"चुलीपाशी बसतो गं," आपा म्हणाली. "पालथ्या कढईकडे नुसता बघत राहतो."

"बसू द्या की! जिवंतपणी तरी कुठे बोलत होते?"

ती हसली नाही. "उपाशी आहे तो. उद्या तळणार मी. घासही खाणार."

"आणि पुढच्या गुरुवारी मी तुमच्यासाठी तळायचं का?" मी भडकलेच. "काही नको. त्यांच्या नावानं मीच तळते. घास आमचा जुमादिल खाईल. नवरा माझा खाण्याला कधी नाही म्हणत नाही."

शुक्रवारी सकाळी आपा आली ती उजळलेल्या चेहऱ्यानं. "काल आला नाही गं तो! कधी नव्हे ती झोप लागली मला. पुढच्या गुरुवारीही तळशील ना?"

आदल्या संध्याकाळी कालमुर्झा माझ्या चुलीपाशी बसला होता. कढईकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. तो जुमादिलकडे बघत होता. जुमादिलनं कालमुर्झाच्या वाटचा घास केव्हाच खाल्ला होता, आणि चरबीत तळलेले कणकेचे बोर्सोक तो एकामागून एक तोंडात टाकत होता.

"अगं, वाढ की अजून," जुमादिल म्हणाला.

मी त्याच्या पुढचं ताट ओढून घेतलं.