सरपनातली लाट

माही वहिनी इंदू कमी बोलते, म्हनून लोक तिले गरीब गाय समजतात. समजू द्या. मी लीला, तिची ननंद, तिच्याच घरात राहतो. मले ईचारा.

माहेर तिचं चांदूर बाजारचं. बाप लाकडी ठसे कोरनारा; पोरीच्या हातात लाटन्याच्या आधी पटाशी आली. आमचं घर अकोल्याचं, रंगाऱ्याचं. माहा बाप खुशालराव लुगड्यांवर वेलबुट्टी छापे. माह्या भावासंग तिचं लगन झालं अन् बापानं सांगून टाकलं, "बाईनं कपडे वाळवाचे. ठशाले हात लावाचा नाही." तिनं ऐकून घेतलं. मले असा राग आला होता का काय सांगू, पन बाप तो बाप.

आमच्या भितीवर एक जुनं कॅलेंडर होतं. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी इथं कापूस घ्याले जपानी कंपन्या होत्या, त्यातल्या कोन्या बाबूनं देल्लेलं. त्यावर समुद्राची मोठी लाट, फेसाची नखं काढून होड्यायवर झेपावलेली, अन् मागं एवढासा डोंगर. आमच्या मोर्णेले पुरातही एवढं पानी येत नाही. एकसष्ट साली कापसाच्या जीनमधला देवमन कपडा रंगवाले आला अन् त्या चित्रापाशीच खिळला. जीनमधल्या पोरायची कबड्डीची टीम होती, कप्तान देवमनच, दसऱ्याले अमरावतीत सामना होता. पाच वर्षांआधी दसऱ्यालेच त्यायनं बौद्ध दीक्षा घेतली होती, म्हनून त्या दिवशी नव्या कपड्यात मैदानात उतराचं त्यायच्या मनात.

"हे लाट आमच्या गंजीफ्रॉकवर छापून द्या," म्हने.

"आमी फुलं छापतो," बाप म्हने. "पानी कोनी आंगावर घालते काय?"

देवमन निघालाच होता, तं घरातून आवाज आला, "मी कोरून देतो."

इंदूचा आवाज. मी तं चाटच पडली.

"कोर," बाप म्हने. "पन येळेवर सातही गंज्या देल्या नाही, तं या घरात पुन्हा पटाशी धराची नाही. कधीच नाही."

झालं. आता तिचं सारं त्या एका ठशावर आलं. तिनं चित्र तेलकट कागदावर उतरवलं, उलटं करून सागवानावर चिकटवलं. सैपाक आटोपला का कोरत बसे. फेसाचं एक नख तुटलं, तं पुरा ठसा नव्यानं केला. थो हाती आला नवमीच्या सकाळी.

अन् नवमीले रंगाऱ्याच्या घरी अवजाराची पूजा. ठसे, पटाश्या पाटावर मांडाच्या, हळद-कुंकू वाहाचं, मंग दसऱ्याची पूजा होईस्तोवर कोनी हात लावाचा नाही. इंदूनंही आपला ठसा पाटावर ठेवला. बापानं उचलून परत तिच्या हातात देल्ला. "हे अवजार नाही. चुलीजवळ ठेव. सरपन आहे थे."

तिचं तोंड उतरलं. मले वाटलं, थोच ठसा घेऊन बापाच्या डोक्यात हानावा.

तेवढ्यात देवमन दारात, बगलेत सात कोऱ्या गंज्या. "उद्या सकाळची गाडी आहे, ताई."

"आज काही छापत नाही," बाप म्हने. "आज अवजाराले हात लावत नाही आमी."

इंदूनं पदर खोचला. "अवजाराले नाही लावत, मामाजी. सरपनाले लावतो."

बाप उठला. तिले आडवाचं तं ठसा अवजार आहे हे कबूल करा लागे, अन् ते काही त्याच्या तोंडातून निघे ना. तिनं परातीत घोंगडीचा तुकडा ठेवला, त्यावर निळा रंग ओतला. गंजी अंथरली, ठसा टेकवला, वरून मूठ मारली. उचलला तं छातीवर लाट उभी. आता बाप वरडते का मंग वरडते, मी पाहूनच राहिली. थो तं वाकून फेसाचं एकेक नख पाहत होता.

सहा झाल्या. सातवी अंथरली, तं बापानं तिच्या हातातून ठसा काढून घेतला. त्यानं तो धुतला, धोतराच्या सोग्यानं पुसला, अन् नेऊन पाटावर ठेवला, आपल्या बापाच्या ठशाशेजारी. कुंकू लावलं.

"आता उद्यापर्यंत हात लावाचा नाही," म्हने.

इंदू रडून राहिली होती. एक गंजी कोरीच राहिली, अन् बोली तं सातायची होती. देवमननं ते कोरी गंजी उचलली, घडी करून बगलेत मारली. "हे माही," म्हने.

अमरावतीत सहा जनायच्या छातीवर लाट अन् कप्तान पांढरा. लोकायनं त्याले ईचारलं, तुही लाट कुठं गेली?

"माही पूजेले बसली," थो सांगे.