कौसल्याचा वर्ग व्हरांड्यात बसला, त्याचं खरं कारण

काल शोकसभेत माझं कौतुक झालं आणि मी ते खुर्चीत बसून ऐकून घेतलं.

म्हणून हे लिहिते आहे.

कौसल्या गेली. कावीळ अंगावर काढली. चाळिशीही गाठली नव्हती.

ती केशोरीकडच्या आमच्या कन्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. मी तिथे मुख्याध्यापिका होते. सभेत एकजण म्हणाले, "त्या काळात खेड्यातल्या मुलींसाठी कॉम्प्युटर रूमचं दार मॅडमनी उघडलं."

दार मी उघडलं, हे खरं आहे.
बंदही मीच केलं होतं. ते कोणी सांगितलं नाही, आणि मीही उठून बोलले नाही.

शाळेत चार कॉम्प्युटर आले तेव्हा मी त्यांना कापडी झाकणं शिवून घेतली. चप्पल बाहेर. पाय धुऊन आत. दुरुस्तीचा माणूस गोंदियाहून यायचा आणि महिना-महिना यायचाच नाही, त्यामुळे मला धास्ती होती.

दारात मी स्वतः उभी राहायचे.
"हात दाखवा."
मळलेले हात दिसले की मुलगी परत.

जुलैत धानाची रोवणी लागली. ज्यांच्या घरी मजूर लावायची ऐपत होती, त्यांच्या मुली स्वच्छ हातांनी यायच्या. बाकीच्या सकाळी बांधीतल्या चिखलात धान लावून शाळेत यायच्या.

कौसल्या नवीन होती. कॉन्ट्रॅक्टवर. दरवर्षी माझी शिफारस गेली तरच पुढची ऑर्डर निघायची. तरी चौथ्या दिवशी ती ऑफिसात आली.

"मॅडम, मी पाहून राहिली. रोज त्याच सहा-सात पोरी वापस जाऊन राहिल्या."

"हात धुऊन यायला सांगा."

"धुतात न. नखातला चिखल साबणानं नाही निघत. रोवणी सरल्यावर नख वाढते, तवा निघते."

"मग रोवणी सरल्यावर बसतील."

तिने दोन्ही हात माझ्या टेबलावर ठेवले. रविवारी बापाच्या बांधीत वाकली होती. नखं काळी.

"मंग माहे हात पाहा. मी जाऊ का नको आत?"

मला राग आला. "नियम सगळ्यांना सारखा," मी म्हणाले.

"बरं."

तिने वाद घातला नाही. जाऊन आत बसलेल्या मुलींना म्हणाली, "चला वं पोरीहो, बाहेर."

त्या दिवसापासून वर्ग व्हरांड्यात. आत झाकण घातलेले चार कॉम्प्युटर, बाहेर चाळीस मुली.

मी खिडकीतून पाहायचे. ऐकूही यायचं.

तिने सविता नावाच्या मुलीला कॉम्प्युटर केलं. बाकीच्यांनी हुकूम द्यायचा, त्यांनी सांगितलं तेवढंच सविताने करायचं. हुकूम रोवणीचा. धानाच्या रोपाच्या जागी काड्या.

"काडी लाव. एक पाऊल माघं सरक. पुन्हा तेच कर."

सविता वाकून काड्या ठेवत मागे मागे सरकत गेली आणि पाण्याच्या माठावर आदळली. माठ फुटला.

"डोये नाही का वं तुले?" एक मुलगी ओरडली.

"थांब म्हणून कोणी सांगतलं का? मी त कॉम्प्युटर आहो."

मुली हसून लोळल्या. कौसल्याही हसली. मग विचारलं, "चूक कोणाची?"

"सविताची."

"नाही. सांगणाऱ्याईची. कवा थांबायचं, ते काऊन नाही सांगतलं?"

त्यावर रोज परत जाणाऱ्यांपैकी एक मुलगी उठली आणि म्हणाली, "धुरा आला का पाहा, आला त थांब, असं सांगा लागत होतं." धुरा म्हणजे बांधीची कड.

मी बीएस्सी आहे. सूचना पुन्हा कधीपर्यंत करायची, ही अट घालणं काय असतं, ते मला त्या दिवशी समजलं. कोणाला सांगितलं नाही.

आठवडा झाला आणि संस्थेचे सचिव अचानक आले. गोंदियाचे. हिंदीच बोलायचे.

"मॅडम, ये बच्चियाँ बाहर क्यों बैठी हैं? कंप्यूटर किसलिए दिए हैं?"

कौसल्या ऑफिसात समोरच उभी होती. तिला संधी होती. खरं सांगितलं असतं तर माझं काही खरं नव्हतं.

"लाईट गेली साहेब, आताच," कौसल्या म्हणाली.

साहेबांच्या डोक्यावर पंखा फिरत होता. त्यांनी वर पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि चहा मागितला.

ते गेल्यावर मी विचारलं, "खोटं का बोललात?"

"तुमाले हटवलं असतं त दुसरं कोणी आलं असतं, मॅडम. त्याच्याशी भांडता आलं असतं का नाही, का माहीत. तुमच्याशी येते."

दुसऱ्या दिवसापासून मी दारात उभी राहिले नाही. उघडलं म्हणतात ते एवढंच.

शिफारस दरवर्षी पाठवली. माफी मात्र मागितली नाही. पंधरा पावलांवर तिची स्टाफरूम होती, आणि मी निवृत्त होईपर्यंत ती पावलं चालले नाही. उशीर झाला, कौसल्या. सगळ्यांसमोर मागते आहे.

आज तिच्या घरी गेले. गेली काही वर्षं ती रविवारी घरीच मुलींना शिकवायची. फी नाही. तिची आई म्हणाली, "रविवारी पोरी येतीन, बाई. का सांगू त्याईले?"

मी म्हटलं, "या म्हणावं." तुला, कौसल्या, यापेक्षा वेगळा निरोप मला सुचत नाही.

आज दिलं-घेतलं ते असं:
लॅपटॉप, एक. चार्जर, एक, वायरला चिकटपट्टी. माऊस, दोन. रविवारच्या हजेरीची वही, एक.
देणार: कौसल्याची आई.
घेणार: दीपाली, अकरावी, रविवारच्या वर्गातली. पुढचा वर्ग ती घेईल.
साक्षीदार: मी.
पासवर्ड: लिहून द्यायला कागद काढला. दीपाली म्हणाली, गरज नाही, सगळ्या पोरींना माहीत आहे.