आसावरी मावशीच्या शक्तीच्या गोळ्या

डब्लिनमधली आमची रविवारची मराठी शाळा आसावरी मावशीच्या बेसमेंटमध्ये भरते. हल्ली मावशी खुर्चीत बसूनच शिकवते. थायरॉइड जुना, पण यंदा डोकं दुखतं, केस गळतात, ओठ फुटतात. "शाळा बंद करावी म्हणते गं," ती मला म्हणाली. "अंगात जीवच नाही."

मग काय, इथलं मराठी मंडळ धावून आलं. नागपूरच्या रेणू काकूंनी कॉड लिव्हर ऑइल आणलं. "काऊन वं, अशी काऊन दिसून राहिली? हे घे." पुण्याच्या सुमेधा काकू म्हणाल्या, "मी कोणाच्या बाबतीत नाक खुपसत नाही हं, पण तुला व्हिटॅमिन ए कमी पडतंय," आणि बाटली ठेवून गेल्या. प्रीताताईनं केसांच्या गोळ्या दिल्या, "बेस्ट आहेत यार."

मावशीला नाही म्हणता येत नाही. आणलेलं घ्यायचं, आणि घेतलेलं खायचंही, कारण रेणू काकू फोन करून विचारतात.

डॉक्टरकडे मीच गाडी चालवत नेलं. मावशीला स्टिअरिंगही जड झालं होतं. डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघत म्हणाल्या, थायरॉइडचे आकडे बदललेत, डोस कमी करावा लागेल. दुसरं काही घेता का?

"नो, नो. ओन्ली थायरॉइड."

"मावशी, पर्समधल्या बाटल्या?"

"ती औषधं नाहीत गं. शक्तीच्या गोळ्या."

मी बाटल्या टेबलावर मांडल्या. बाईंनी लेबलं वाचली. तिन्हींत व्हिटॅमिन ए, तेही भरपूर. जास्त झालं तर ते लिव्हरमध्ये साठतं, त्यानं थकवा येऊ शकतो, केस गळू शकतात. थायरॉइडचे आकडेही हलू शकतात. इथे तसंच झालंय असं आत्ताच सांगता येणार नाही. तूर्त थायरॉइडचा डोस तोच ठेवा, हे सगळं थांबवा, पुन्हा रक्त तपासू.

रविवारी रेणू काकू नवी बाटली घेऊन जिना उतरल्या. "संपली असंन ना?"

मावशीनं डोळे मिटून घेतले. "रेणू, नको."

"नको म्हंजे?"

"डॉक्टरांनी बंद केलंय. त्यानंच दमत असेन कदाचित."

काकूंनी बाटली पर्समध्ये टाकली, पण हलल्या नाहीत. "मंग मी करू तरी काय तुह्यासाठी?"

"पुढच्या रविवारपासून लहान मुलांचा वर्ग घे."

"मी? पोरं बिघडतीन ना वं माह्या बोलण्यानं."

"बिघडू देत," मावशी म्हणाली. "मी जरा पडते."