भट्टी चालू होती त्या दिवशी

प्रयोगशाळेत मी नेमकं काय करतो, हे घरी कुणाला अजून नीट सांगता आलेलं नाही. टर्बियम, डिस्प्रोशियम आणि लोखंड एका नळीत वितळवायचं आणि ती नळी भट्टीतून अगदी हळू खाली ओढायची. धातू खालून गोठत जातो आणि गोठताना त्यात स्फटिकांची बारीक झाडं उगवतात. खोड, फांद्या, सगळं. त्यांना डेंड्राइट म्हणतात. ती एकाच दिशेला वाढली तर गोठून तयार होणाऱ्या दांडीचा चुंबकीय गुण चोख उतरतो. ओढ मध्येच थांबली की झाडं वाटेल तशी फुटतात आणि दांडी भंगारात. नळी ओढणारी आमची मोटर जुनी, अडखळली तर हाताने सावरावी लागते. म्हणून दिवसभर तिच्यापाशी बसायचं. बोलायला कुणी नाही. सक्करदऱ्याच्या भाड्याच्या खोलीवर तरी कोण आहे म्हणा.

अशाच एका दिवशी वडील न सांगता काटोलहून आले. उभी हयात त्यांनी एसटी चालवली. त्यांना आत घ्यायचं तर मी फाटकावर जाऊन सही करायला हवी होती, आणि फाटक चांगलं दहा मिनिटांवर.

"बाबा, अजून एक तास," मी फोनवर म्हणालो.

"काहून घाई करून राहिला गा? चालू गाडी सोडून ड्रायव्हर उतरते का? मी बसलो आहो इथं."

असे तीन फोन झाले. चौथा लावला तेव्हा ते परतीच्या बसमध्ये होते. चौकीदाराकडे कोथिंबीर भरलेल्या सांबारवड्यांचा डबा ठेवून गेले होते.

मोटर त्या दिवशी एकदाही अडखळली नाही. सूक्ष्मदर्शकाखाली झाडं कशी शिस्तीत उभी होती. साहेबांनी पाठ थोपटली आणि मला स्वतःची लाज वाटली. जाऊन येण्याइतका वेळ होता. भीती मोटरची नव्हतीच. चाळिशी आली, एकटा किती दिवस राहशील, असं ते समोर बसून विचारतील, म्हणून मी भट्टीआड लपलो होतो.

त्यानंतर ते आले नाहीत. दर रविवारी मीच फोन करतो. भट्टी बंद असते, हातात काही काम नसतं, त्यांनी काहीही विचारावं असं वाटत असतं.

"मशीन चालू आहे का गा?" ते विचारतात.

मी नाही म्हणतो.

"मंग आराम कर," म्हणतात आणि फोन ठेवतात.